खेळाडूची पारख : एका गार्डच्या निमित्ताने

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



शाळेच्या साठाव्या वर्षी या व्यासपीठावरून बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो. मी विद्वान नव्हे. माझे बहुतेक आयुष्य गळ्यात शिट्टी अडकवून मैदानाच्या कडेला उभे राहण्यात गेले. महाविद्यालयात क्रीडाशिक्षक होतो, आणि काही वर्षे निरनिराळ्या निवड समित्यांवर काम केले. म्हणूनच ‘खेळ आणि भवितव्य’ असा भारदस्त विषय शाळेने मला सुचवला असावा. तो विषय माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. मी फक्त एका प्रश्नाविषयी बोलणार आहे. तो प्रश्न मला आपल्यासारख्याच एका पालकाने विचारला होता.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. एक गृहस्थ सकाळीच माझ्या घरी आले. जामुलच्या सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणारे. रात्रपाळी संपवून थेट आलेले. त्यांची मुलगी दहावीपर्यंत आपल्याच शाळेत होती. आता ती महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षात आहे आणि विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात गार्डच्या जागी खेळते. चहाचा कप हातात तसाच धरून ते म्हणाले, “सर, तुम्ही आपल्या शाळेचे, म्हणून विचारतो. पोरीला पुढच्या साली बी.एड.ला घालू, की अजून एक वर्ष खेळू देऊ? तुम्ही खरं खरं सांगा. तिच्यात तेवढं आहे का?”

‘तेवढं’ म्हणजे किती? आज मी या एका शब्दाविषयीच बोलणार आहे.

प्रथम गार्ड म्हणजे काय ते सांगतो, कारण सभागृहातील सर्वांचाच या खेळाशी परिचय असेल असे नाही. बास्केटबॉलमध्ये एका संघाचे पाच जण मैदानात असतात. त्यांतले उंच खेळाडू कड्याच्या आसपास वावरतात, आणि तुलनेने ठेंगणे, चपळ असे जे दोघे चेंडू पुढे घेऊन येतात, त्यांना गार्ड म्हणतात. त्यांतही जो खेळाची सूत्रे हाती ठेवतो तो पॉइंट गार्ड. मुलांना मी हे पंगतीच्या उदाहरणाने समजावतो. पंगतीत चांगला वाढणारा कोण? ज्याच्या हातातले भांडे मोठे तो नव्हे. कोणाचे पान रिकामे होत आले आहे, कोणाला भात हवा आहे आणि कोण संकोचाने गप्प बसला आहे, हे ज्याला मागण्याआधी कळते, तो चांगला वाढणारा. गार्डचे काम हेच आहे. त्याची पारख अवघड असण्याचे कारणही यातच आहे. उंची फूटपट्टीने मोजता येते आणि गुण फलकावर दिसतात. परंतु रिकामे पान ओळखणारी नजर मोजण्यासाठी अजून कोणी माप तयार केलेले नाही.

अमेरिकेत या पारखीचा एक वार्षिक सोहळाच असतो. त्याला ड्राफ्ट म्हणतात. महाविद्यालयांतून आणि परदेशांतून आलेल्या खेळाडूंपैकी साठेक जणांची नावे दोन फेऱ्यांत पुकारली जातात. मागील हंगामात ज्यांची कामगिरी वाईट झाली, त्या संघांना साधारणपणे आधी निवडण्याची संधी मिळते. २०१५ साली पंजाबातील बल्लोके गावच्या सतनाम सिंगचे नाव या यादीत बावन्नाव्या क्रमांकावर डॅलसच्या संघाने पुकारले. भारतात जन्मलेल्या खेळाडूची ती पहिलीच निवड होती. सतनामची उंची सात फूट दोन इंच. एनबीएच्या मुख्य सामन्यात उतरण्याची संधी त्याला मिळाली नाही, परंतु निवडणाऱ्यांची नजर त्याच्यावर सहज पडली, हे मान्य करावे लागेल. सात फूट दोन इंचांवर नजर पडायला पारखी लागत नाही.

आपल्याकडे असा ड्राफ्ट रूढ नाही. भारतीय बास्केटबॉल महासंघाने अलीकडे इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग सुरू केली आहे आणि हळूहळू व्यावसायिक खेळाची पायवाट पडते आहे. तथापि बहुसंख्य खेळाडूंसाठी, विशेषतः मुलींसाठी, ‘व्यावसायिक’ होणे म्हणजे आजही खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळणे. राष्ट्रीय स्पर्धांत भारतीय रेल्वेच्या महिला संघाचा वर्षानुवर्षे जो वरचष्मा राहिला आहे, त्यामागे हेच कारण आहे. देशभरातल्या चांगल्या खेळाडू मुलींना रेल्वेने पगार दिला. म्हणजे आपला ड्राफ्ट एखाद्या झगमगत्या सभागृहात होत नाही. तो चाचणीच्या मैदानावर, दोन दिवसांत, चार-पाच जणांच्या कागदांवर होतो. त्यात नाव आले तर एका घराचे दिवस पालटतात.

भिलाईला हे निराळे सांगण्याची गरज नाही. सेक्टर १ मधल्या पंत स्टेडियमवर राजेश पटेल सरांनी मुलींच्या पिढ्या घडवल्या. २०१८ च्या जानेवारीत ते आपल्यातून गेले. सीमा सिंग, अंजू लाक्रा, एम. पुष्पा अशी भारतासाठी खेळलेली नावे या मैदानाशी जोडलेली आहेत. कानपूरहून आलेली, जवळजवळ सात फूट उंचीची पूनम चतुर्वेदीही इथेच वाढली. तेव्हा आपल्या भागातल्या वडिलांनी “पोरीत तेवढं आहे का” असे विचारणे हे दिवास्वप्न नाही. शेजारच्या सेक्टरमधल्या मुलींच्या बाबतीत ते घडलेले त्यांनी पाहिले आहे.

मी त्यांना लगेच उत्तर दिले नाही. “तिचे चार सामने पाहू द्या,” एवढेच म्हणालो. आणि घरी बसून तीन गार्डांच्या गोष्टी पुन्हा वाचल्या. त्या आपल्याला सांगतो, कारण पारख या विषयावर त्यांच्याइतके चांगले पाठ्यपुस्तक मला दुसरे मिळालेले नाही.

पहिला स्टीफन करी. त्याचे नाव आपल्या नातवंडांना ठाऊक असेल. त्याचे वडील डेल करी स्वतः एनबीएत दीर्घकाळ खेळलेले, तरीही मोठ्या महाविद्यालयांना हा मुलगा ठेंगणा आणि किडकिडीत वाटला. शेवटी तो डेव्हिडसन नावाच्या लहानशा महाविद्यालयात गेला. तेथील पहिल्याच सामन्यात त्याने तेरा वेळा चेंडू गमावला. गार्डने तेरा वेळा चेंडू गमावणे म्हणजे वाढप्याने तेरा वेळा वरणाचे भांडे सांडणे! प्रशिक्षक बॉब मॅकिलप यांनी तरीही दुसऱ्या दिवशी त्याला मैदानात उतरवले, आणि मिशिगनविरुद्ध त्याने बत्तीस गुण केले. तिसऱ्या वर्षी, २००८-०९ च्या हंगामात, सामन्यामागे २८.६ गुणांची सरासरी ठेवून तो साऱ्या देशात पहिला आला. तरी २००९ च्या ड्राफ्टमध्ये त्याच्या आधी सहा नावे पुकारली गेली. पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावर मिनेसोटाने लागोपाठ दोन पॉइंट गार्ड निवडले, आणि त्या दोघांत करी नव्हता. सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेटने त्याला घेतले. पुढे त्या संघाला त्याने चार विजेतेपदे मिळवून दिली.

ही गोष्ट इथेच थांबवली, तर तिचा बोध अगदी सोपा वाटेल : पारखी आंधळे असतात आणि आकडे खरे असतात. म्हणून दुसरी गोष्ट ऐकावी. जिमर फ्रेडेट, ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा गार्ड. २०१०-११ च्या हंगामात सामन्यामागे २८.९ गुण, तोही देशात पहिला. म्हणजे करीपेक्षा किंचित सरसच. लांबून नेम अचूक, लोकप्रियता अफाट. २०११ च्या ड्राफ्टमध्ये तो दहाव्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्याच रात्रीच्या अदलाबदलीत सॅक्रामेंटोच्या संघाकडे आला. मात्र एनबीएत त्याचा जम बसला नाही. पुढे चीनमध्ये त्याने गुणांच्या राशी ओतल्या, पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो तिघा-तिघांच्या बास्केटबॉलमध्ये अमेरिकेकडून उतरला. एनबीएचा दरवाजा मात्र त्याला उघडता आला नाही. निवडीपूर्वी त्याच्याविषयी जी शंका घेतली जात होती, ती त्याच्या नेमाविषयी नव्हती, पायांविषयी होती : बचावात हा वेगवान गार्डला अडवू शकेल का? ती शंका खरी ठरली.

आणि तिसरी गोष्ट त्याच रात्रीची, त्याच सॅक्रामेंटोची. साठ नावांपैकी अगदी शेवटचे, साठावे नाव त्यांनी पुकारले ते आयझाया थॉमस या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गार्डचे. उंची पाच फूट नऊ इंच. त्या दुनियेत ही उंची म्हणजे अपात्रतेचा दाखलाच. हा थॉमस पुढे दोनदा ऑल-स्टार झाला आणि २०१६-१७ च्या हंगामात बॉस्टनकडून सामन्यामागे त्याने २८.९ गुण केले. फ्रेडेटने महाविद्यालयात केले, अगदी तेवढेच. पण हे जगातल्या सर्वांत कठीण स्पर्धेत.

एका संघाने एकाच रात्री दोन गार्ड घेतले आणि क्रम नेमका उलटा लागला. ते अडाणी नव्हते. त्यांच्याकडे चित्रफिती होत्या, मोजमापे होती, पगारी निरीक्षक होते. मग चूक कुठे झाली? मला वाटते, आकड्यामागे काय उभे आहे ते ओळखण्यात. २८ गुण हे उत्तर आहे. ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे तपासावे लागते. समोर बचावाला कोण होते? चेंडू हाती आल्यापासून सुटेपर्यंत किती वेळ गेला? तीन गुणांची रेषा किती दूर होती? अमेरिकी महाविद्यालयांत त्या काळी ती ६.३२ मीटरवर होती, एनबीएत ती समोरून ७.२४ मीटरवर असते. हा जवळपास एक मीटर ओलांडताना अनेकांचे नाव मागे राहते. तसेच बदलू शकणारी उणीव कोणती आणि न बदलणारी कोणती, हेही वेगळे काढावे लागते. करीचे वजन वाढणार होते. थॉमसची उंची वाढणार नव्हती, पण त्या उणिवेशी कसे जगायचे हे तो लहानपणापासून शिकलेला होता. त्याला कधी उंच असल्याची सवयच नव्हती.

ही शिदोरी घेऊन मी त्या मुलीचे चार सामने पाहिले. तिला न सांगता, प्रत्येक वेळी वेगळ्या कोपऱ्यात बसून. माझ्या वहीत काय लिहिले ते थोडक्यात सांगतो. आपल्या मुलांना खेळताना पाहणाऱ्या पालकांना त्याचा उपयोग व्हावा.

पहिला सामना मी चेंडूकडे न पाहता पाहिला. हे ऐकायला विचित्र वाटेल. परंतु चाळीस मिनिटांच्या सामन्यात गार्डच्या हातीही बहुतांश वेळ चेंडू नसतो, आणि त्या वेळात तो काय करतो यावरून त्याचा खेळ समजतो. ही मुलगी चेंडू दिल्यावर उभी राहत नव्हती. ती जागा बदलत होती, आणि तिच्यामागे तिची रक्षक ओढली जाऊन इतरांना वाट मोकळी होत होती. फलकावर याची नोंद कुठेच नसते.

दुसऱ्या सामन्यात मी फक्त गमावलेले चेंडू मोजले. नऊ वेळा. कागदावर हा आकडा वाईटच. पण प्रत्येक वेळी कारण लिहीत गेलो, तेव्हा निराळे चित्र दिसले. नऊपैकी चार पास असे होते, की जे पोहोचले बरोबर जागी, पण घेणारीचा हातच तयार नव्हता. आपल्याकडे चेंडू येईल ही तिची अपेक्षाच नव्हती. अधिक सरस संघात हेच चार पास चार गुणदायी पास ठरतील. उरलेल्या पाचांपैकी तीन वेळा मात्र ती उजव्या हाताने, उजव्याच बाजूला, दोघींच्या मध्ये घुसली होती. तिचा डावा हात कच्चा आहे. तिसऱ्या सामन्यातील विरोधी प्रशिक्षकाच्याही ते ध्यानात आले, आणि पहिल्या दहा मिनिटांनंतर त्यांनी तिची उजवी बाजू बंदच करून टाकली. त्या दिवशी ती निष्प्रभ ठरली.

तिचा नेम? लांबून साधारण. पण फ्री थ्रो, म्हणजे कोणीही आडवे न येता रेषेवरून मारायचा फटका, ती क्वचितच चुकवते. जाणकार याला फार महत्त्व देतात, कारण तिथे हाताचा मूळ गुण उघडा पडतो. आज लांबून चुकणारा पण फ्री थ्रो न चुकवणारा खेळाडू पुढे लांबूनही साधण्याचा संभव अधिक असतो. तिची अडचण अशी, की ती चेंडू कमरेपासून वर आणते, म्हणून तो सुटायला वेळ लागतो आणि तेवढ्यात रक्षक पोहोचते. इथे मला पुन्हा करीची आठवण झाली. शाळेत असताना तोही असाच खालून चेंडू फेकायचा. एका उन्हाळ्यात वडिलांनी त्याची ती सवय मोडली आणि चेंडू डोक्यावरून सोडायला शिकवले. ते आठवडे फार वाईट गेले. कड्याजवळूनही नेम लागेना, खेळ सोडावासा वाटू लागला, असे त्याने नंतर सांगितले आहे. म्हणजे ही उणीव जाणारी आहे, पण रडवून जाणारी आहे.

चौथ्या सामन्यात मी तिचे डोळे पाहिले. चूक झाल्याबरोबर खेळाडू कुठे पाहतो? कोणी प्रशिक्षकाकडे पाहतो, कोणी जमिनीकडे, कोणी पंचाकडे हात पसरतो, कोणी सोबतिणीवर डाफरतो. ही मुलगी चेंडू कुठे गेला ते पाहत होती आणि मागे पळत होती. माझ्या दृष्टीने ही त्या वहीतली सर्वांत मोलाची नोंद. शेवटच्या पाच मिनिटांत मात्र तिचे गुडघे वाकेनासे झाले आणि ती बचावात ताठ उभी राहू लागली. पायांत दम कमी आहे. आणि उंची पाच फूट चार इंच. ती आता तेवढीच राहणार.

आता या टप्प्यावर मला एक कबुली द्यायची आहे. तिच्यामुळेच मी आज हा विषय निवडला.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका संस्थेच्या निवड चाचणीत मी परीक्षक होतो. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण दोष माझ्या सहीचा होता. दोन दिवसांची चाचणी. पहिल्या दिवशी उंची, उडी, धाव. दुसऱ्या दिवशी संघ पाडून छोटे सामने. एक ठेंगणी गार्ड होती. तिने स्वतः फारसे गुण केले नाहीत. पण आम्ही दर सामन्याला संघ बदलत होतो, आणि ती ज्या संघात जाई तो संघ जिंके. दुपारपर्यंत हे माझ्या लक्षात आले होते. आमच्या तक्त्यात मात्र त्यासाठी रकाना नव्हता. उंचीसाठी होता. मी ‘उंची अपुरी’ असे दोन शब्द लिहिले आणि सही केली. संध्याकाळी यादी फळ्यावर लागली. तिने ती वाचली, पिशवी खांद्याला लावली आणि काहीही न विचारता निघून गेली. विचारले असते तर मी काय सांगितले असते, कोण जाणे.

त्या मुलीचे पुढे काय झाले हे मला कधीच कळले नाही. आणि माझी खरी अडचण हीच आहे, की माझा निर्णय चुकला होता की बरोबर होता, हेही मला कधी कळणार नाही. निवडलेला खेळाडू अपयशी ठरला तर ते सर्वांना दिसते, फ्रेडेटचे दिसले. नाकारलेला खेळाडू यशस्वी होऊ शकला असता की नाही, हे दिसण्यासाठी त्याला दुसरे मैदान मिळावे लागते. थॉमसला साठाव्या क्रमांकाने का होईना, ते मिळाले. आपल्याकडे चाचणीतून परतलेल्या मुलीला दुसरे मैदान बहुधा मिळत नाही. त्या वर्षी तिचे शिक्षण संपते, घरी स्थळे येऊ लागतात, बूट कोणा धाकट्या बहिणीकडे जातात. त्यामुळे परीक्षकाच्या चुका त्याच्यापर्यंत परत येतच नाहीत, आणि दर वर्षी आपली नजर पक्की होत चालली आहे, असे त्याला वाटत राहते. मलाही तसेच वाटत होते.

अमेरिकेतल्या चुकांवर आपण इथे बसून हसू शकतो, याचे कारण त्या नोंदलेल्या आहेत. कोणाला कितव्या क्रमांकावर घेतले, कोणाविषयी काय शंका होती, हे वर्षांनंतरही वाचता येते. आपण यशाचे फलक भिंतीवर लावतो आणि नाकारण्याची कारणे रद्दीत घालतो. आपले जामुल ज्या सिमेंटसाठी ओळखले जाते, त्यात भिलाईच्या भट्टीचा स्लॅग जातो. लोखंड काढून घेतल्यावर उरलेली ती वस्तू. पण तीसुद्धा तपासल्याशिवाय, त्यात काय किती आहे हे लिहिल्याशिवाय कारखाना आत घेत नाही. माणसाची तुलना मी स्लॅगशी करत नाही. एवढेच म्हणतो, की भट्टीतून बाहेर पडलेल्या वस्तूची जेवढी लेखी चौकशी आपण करतो, तेवढी निवडीतून बाहेर राहिलेल्या मुलाची करत नाही.

म्हणून या वेळी मी वडिलांना तोंडी उत्तर दिले नाही. दोन पाने लिहिली आणि मुलीलाच बोलावून ती तिच्या हाती दिली. वडील शेजारी बसले होते. पहिल्या पानावर काय आहे : नजर, चूक विसरून मागे धावण्याची वृत्ती, फ्री थ्रोचा हात. दुसऱ्या पानावर काय नाही, आणि त्याचे तीन भाग केले : जे सहा महिन्यांत येऊ शकेल, तो डावा हात आणि पायांतला दम, जे यायला वर्ष लागेल आणि येईलच याची हमी नाही, ती चेंडू सोडण्याची गती, आणि जे येणार नाही, ती उंची. शेवटी लिहिले : ‘आजच्या घडीला मी परीक्षक असतो तर तुला राखीव खेळाडूंत घेतले असते, पहिल्या पाचांत नाही. सहा महिन्यांनी मला पुन्हा बोलाव. तेव्हाही मी हेच लिहिले, तर कारण याच कागदाशी ताडून पाहा, आणि मला जाब विचार.’

तिने दोन्ही पाने दोनदा वाचली. मग तिने मला एकच प्रश्न विचारला. तो मी अपेक्षिला नव्हता. “सर, त्या चार पासेस माझ्या चुका नव्हत्या, हे तुम्हाला दिसलं?” मी म्हटले, दिसले. ती पुढे काही बोलली नाही. वडील मात्र खिडकीबाहेर पाहत होते.

त्यांनी जाताना विचारले, “मग बी.एड.चं काय करू?” मी म्हणालो, “अर्ज भरून ठेवा. अर्ज भरल्याने डावा हात कच्चा राहत नाही.” ते हसले. मलाही बरे वाटले. पालकहो, खेळ की शिक्षण अशी तलवार मुलांच्या मानेवर ठेवण्याची घाई आपण फार करतो. पुष्कळदा दोन्ही अर्ज भरता येतात. मुलाला नेमके काय येते आणि काय येत नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत कोणीतरी सांगितलेले असावे, एवढेच हवे असते. ‘तू फार छान खेळतोस’ हे ते नव्हे, आणि ‘तुझे काही होणार नाही’ हेही ते नव्हे.

ती मुलगी सध्या रोज पहाटे चेंडू डाव्या हाताने आपटत मैदानाला फेऱ्या घालते, असे ऐकतो. सहा महिने अजून पुरे व्हायचे आहेत. पुढे तिची चाचणी कुठे होईल, तिथे कोण परीक्षक असतील आणि ते काय लिहितील, हे मला सांगता येणार नाही. कदाचित तेही ‘उंची अपुरी’ एवढेच लिहितील. पण या वेळी त्या दोन शब्दांशी ताडून पाहायला तिच्यापाशी दोन पाने असतील.

शाळेला मी एकच विनंती करतो. हीरक महोत्सवात यशस्वी विद्यार्थ्यांची नावे असलेला फलक लावला जाईल, अवश्य लावावा. त्याबरोबर क्रीडा विभागाच्या कपाटात एक साधी वही ठेवावी. शाळेच्या संघात ज्या मुलाची निवड होणार नाही, त्याचे नाव, तारीख आणि कारण तीत लिहावे. निदान तीन ओळी. ते कारण त्या मुलाला वाचून दाखवावे, आणि पुढच्या वर्षी तीच वही उघडून त्याला पुन्हा पाहावे. कोणाची चूक झाली होती, त्याची की आपली, हे तेव्हा कळेल. माझ्या सहीनंतर पिशवी खांद्याला लावून गेलेल्या त्या मुलीसाठी मी आता काही करू शकत नाही. त्या वहीचे पहिले पान तेवढे माझ्याकडून स्वीकारावे, ही विनंती.